एक जूनला जन्मलेली माणसं

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मी एक वर्ग घेते. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असलेली दहाबारा मुलंमुली येतात. गणेशोत्सवाचं सामान ठेवलेल्या कपाटाला पाठ लावून मी उभी राहते आणि पहिल्या दिवशी, पुस्तक उघडायच्या आधी, एकच प्रश्न विचारते. तुमच्या आजीची जन्मतारीख काय? निम्म्यांना माहीतच नसते. उरलेल्यांतले तीनचार जण सांगतात, एक जून. मग ते एकमेकांकडे बघून हसतात. मी हसत नाही. मॅडम खडूस आहेत असं त्यांना पहिल्याच दिवशी कळतं, आणि ते खरंच आहे.

हा प्रश्न मी का विचारते, ते मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. इथे सांगते.

माझं काम काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारी कुणाचा प्रिंटर अडला की "आमची सुजाता कॉम्प्युटरमध्ये आहे" असं म्हणून त्या मला पुढे करायच्या. प्रिंटरमधलं मला आजही काही कळत नाही. प्रोग्रामर सॉफ्टवेअर बनवतो. ते लोकांच्या हातात जायच्या आधी आम्ही वापरून बघतो आणि कुठे गडबडतं ते लिहून देतो, एवढंच आमचं काम. फॉर्मवर वयाचा रकाना असला तर त्यात शून्य भरायचं, दोनशे भरायचं, वयाच्या जागी नाव भरायचं, काहीच न भरता पुढचं बटण दाबायचं. मग बनवणाऱ्याकडे जाऊन गोड आवाजात सांगायचं की बाबा रे, दोन महिने खपून तू जे केलंस ते चालत नाही. तो चिडतो. रोज कुणीतरी चिडतो. काम चांगलं झालं तर पुढे काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल कुणी पेढे वाटत नाही. तीस वर्षं हे केलं. थकायला होतं.

पूर्वी या कामाला ना शिक्षण होतं ना परीक्षा. मी बी.एस्सी. होऊन अंधेरीच्या एका कंपनीत डेटा एंट्रीला लागले. तिथे मला दुसऱ्यांच्या चुका फार दिसायला लागल्या, म्हणून टेस्टिंगला बसवलं. सावंतचंही तसंच. हा सावंत माझ्याहून चार वर्षांनी मोठा, जोगेश्वरीचा. वडील गिरणीत होते, मूळ गाव कणकवलीकडे. आम्ही वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. कंपनीने मला टेस्ट लीड, म्हणजे टीमची प्रमुख, केलं तेव्हा त्याने मनापासून पेढे खाल्ले, आणि तेव्हापासून साहेबांसमोर मला "मॅडम" म्हणायला लागला. एरवी डबा खाताना "काय गो", "तू" आणि माझ्या भाजीला नावं.

सावंतकडे एक लांबट वही होती. तिच्यात तो माणसं काय काय करतात ते लिहून ठेवायचा. बँकेत, रेशनच्या दुकानात, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत उभा राहिला की याचे कान टवकारलेले. बायका मोबाइल नंबर विचारला की शेजारणीचा देतात. म्हातारी माणसं आडनावाच्या जागी गावाचं नाव सांगतात. एकाच चाळीत, एकाच खोली नंबरवर तीन कुटुंबं राहतात. ऑफिसात हे सगळं तो सॉफ्टवेअरमध्ये भरून बघायचा आणि सॉफ्टवेअरची वाट लागायची. त्याच्याइतका चांगला टेस्टर मी पाहिलेला नाही. हे मी तेव्हाही म्हणायचे, पण म्हणण्यापलीकडे त्यासाठी काही केलं नाही.

मग सर्टिफिकेटं आली. परदेशी गिऱ्हाइकांना प्रत्येकाचा कागद हवा झाला. कागद देणारी संस्था परदेशातली, अभ्यासक्रम जाडजूड, परीक्षा चार पर्यायांतला एक निवडायची. त्यात वाईट काही नाही, हे मी आजही सांगते. तोवर प्रत्येक ऑफिसात प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द होता आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचं नाही. त्या पुस्तकाने आम्हाला एक भाषा दिली. माणूस करतो ती चूक. त्या चुकीमुळे प्रोग्राममध्ये किंवा कागदात राहतो तो दोष. तो दोष एक दिवस गिऱ्हाइकासमोर उघडा पडतो, ते अपयश. हे वाचून सावंत म्हणाला, "वाट लागली म्हणायला तीन तीन शब्द कशाला गो?" मी पहिल्या फटक्यात पास झाले. सर्टिफिकेट फ्रेम करून घेतलं आणि लाज वाटून कपाटात पांघरुणांच्या खाली ठेवलं. खरं सांगायचं तर महिन्यातून एकदा ते काढून बघायचे.

सावंत नापास झाला. दोनदा. मी डबा खाऊन झाल्यावर अर्धा तास त्याला शिकवायला बसायचे, आणि त्याचं नापास होणं मला समोर दिसायचं. तो प्रश्नाशी भांडायचा.

"टेस्टरने दोष दाखवल्यावर प्रोग्रामर रागावला. काय कराल?" मी वाचायचे.

"चहा पाजायचा."

"सावंत, पर्याय वाच."

"वाचले ना. चारांत चहा नाहीच. ज्याने हा पेपर काढला तो कधी ऑफिसात बसलेला नाही."

मी कपाळावर हात मारायचे. एक दिवस वैतागून मी त्याला म्हणाले, "हे बघ, तुला काय वाटतं ते विसर. पुस्तकाला काय वाटतं ते सांग. पास व्हायचंय ना तुला?"

त्याने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. थट्टेने नव्हे. त्याला खरंच पास व्हायचं होतं. वय बावन्न, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि आमचा साहेब कर्णिक याने स्पष्ट सांगितलं होतं की तिसरी परीक्षा शेवटची. नवीन कामाच्या करारात अटच होती, टीममधला प्रत्येक टेस्टर सर्टिफिकेटवाला हवा. सावंत नापास झाला तर टेस्टिंगमधून बाहेर, आणि बावन्नाव्या वर्षी बिनकागदाच्या टेस्टरला दुसरीकडे कोण विचारणार?

ते नवीन काम म्हणजे घाटकोपरच्या एका हॉस्पिटलसाठी पेशंटच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर. बनवत होती एक परदेशी कंपनी, तपासत होतो आम्ही. हॉस्पिटलला काय काय हवंय ते सगळं त्या कंपनीने एका जाड कागदपत्रात लिहिलेलं होतं. आमच्या नियमाप्रमाणे त्या कागदातल्या एकेका वाक्यावरून आम्ही एकेक चाचणी लिहायची. काय भरायचं, आणि भरल्यावर काय व्हायला हवं. झालं तर हिरवं, नाही झालं तर लाल. शेवटी सगळं हिरवं दिसलं की सर्टिफिकेटवाल्या टेस्ट लीडने सही करायची. म्हणजे मी.

सही करायच्या आदल्या दिवशी दुपारी सावंतने मला खूण करून टेबलापाशी बोलावलं.

"हे बघ गो. माझी आई. लक्ष्मी सावंत, जन्म एक जून एकोणीसशे पन्नास." त्याने नोंदणी केली. नवीन फाईल उघडली. "आता आमच्या मजल्यावरची म्हातारी. तीपण लक्ष्मी सावंत. तिची तारीख पण एक जून पन्नास."

"तिचीपण?"

"अगो, आमच्याकडे अर्धो गाव एक जूनाक जल्माक इलो हा! शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकली ती तारीख. शाळेत न गेलेल्या बायांना कार्ड काढणाऱ्या पोराने टाकली. साल पण असंच अंदाजाने, पन्नास नाहीतर पंचावन्न. आता बघ."

त्याने दुसरीची नोंदणी केली. नवीन फाईल उघडलीच नाही. काही न विचारता पहिलीची फाईल पुढे आली आणि दुसरीचा पत्ता पहिलीच्या पत्त्यावर जाऊन बसला.

"दोन बाया, फाईल एक," सावंत म्हणाला. "एकीची औषधं दुसरीला जातील. हे जाऊ द्यायचं नाही."

मी जाड कागदपत्र काढलं. वाक्य होतं. नाव, आडनाव, लिंग आणि जन्मतारीख जुळत असेल तर पेशंट तोच समजावा. ज्याने ते लिहिलं त्याच्या देशात माणसं वर्षभर कुठल्याही दिवशी जन्मत असावीत. पण कागदाप्रमाणे सॉफ्टवेअर अगदी बरोबर चाललं होतं. आमची चाचणी हिरवी होत होती.

मी कर्णिककडे गेले. कर्णिक एके काळी माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा, मला ताई म्हणायचा.

"ताई, कागदात आहे तसंच चालतंय ना? मग बग कसला?"

"कागदच चुकलाय रे."

"मग त्या कंपनीची कमिटी बसणार, तारीख पुढे जाणार." त्याने आवाज खाली आणला. "आणि पहिलं काय विचारतील? हे सापडलं कोणाला? सावंतचं नाव सर्टिफाइड लोकांच्या यादीत नाही. मी कसंतरी त्याला परीक्षेपर्यंत टीममध्ये ठेवलंय. शनिवारी परीक्षा आहे. ती होऊ दे ना, प्लीज. नंतर बघू."

सावंतला वाचवण्यासाठी मी गप्प बसले, असं मी घरी नवऱ्याला सांगितलं आणि पुढे बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण तो दोष मला माझ्या नावावर नोंदवता आला असता. हे सुचलं नाही असंही नाही, कर्णिकच्या केबिनमधून टेबलापर्यंत येतानाच सुचलं होतं. अडचण एवढीच होती की ते जाड कागदपत्र तीन महिन्यांपूर्वी तपासून "ठीक आहे" म्हणून सही केलेली होती ती माझीच. सॉफ्टवेअर बनायच्या आधी कागद तपासणं हेही टेस्टरचं काम, असं पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे. जन्मतारखेचं ते वाक्य मी वाचलं होतं आणि पुढे गेले होते. माझ्या स्वतःच्या आईची जन्मतारीख एक जून आहे. दर वर्षी तिला त्या दिवशी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो आणि ती म्हणते, आज कशाला, मी तर श्रावणातली.

हे मला दिसलं नाही आणि बिनकागदाच्या सावंतला दिसलं, हे लेखी आलेलं मला नको होतं. बस, एवढंच.

मी परत जाऊन सावंतला म्हणाले, "कागदात आहे तसं आहे. पास कर, आणि अभ्यासाला लाग."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "मी नाही करणार. तुला करायचं तर तू कर."

मी वाकून त्याच्याच कॉम्प्युटरवर ती ओळ हिरवी केली. दुसऱ्या दिवशी सही केली. सावंतने ती दोन लक्ष्मींची गोष्ट वहीत लिहून ठेवली आणि वही खणात टाकली.

शनिवारी परीक्षा झाली. सावंत एका मार्काने नापास झाला. निकालाच्या कागदावर कुठला प्रश्न चुकला ते नसतं, नुसता आकडा असतो. कर्णिकने त्याला बोलावून पाठीवर हात ठेवला आणि खाली फॅसिलिटीत पाठवलं. तिथे एसीची माणसं, पाण्याचे कॅन, कोणाची खुर्ची मोडली हे बघायचं. महिनाभर त्याने ते केलं, मग राजीनामा दिला. तो नोटिशीचे दिवस भरत असताना हॉस्पिटलमधून फोन आला.

मी घाटकोपरला गेले. डोळ्यांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी बसली होती, सुमन जाधव. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं, कारण फाईलमध्ये साखर वाढलेली. चार दिवस बाईंना बिनसाखरेचा चहा. शेवटी सिस्टरने बोट टोचून स्वतः बघितलं, तर साखर उत्तम. मग तिने ती फाईल पहिल्यापासून वाचली. त्यात बाईंचं गर्भाशय काढलेलं होतं.

"मी विचारलं, आजी, पिशवी काढलीये का? तर मलाच ओरडल्या," सिस्टर सांगत होती. "दुसऱ्या सुमन जाधव आहेत ना मॅडम, त्यांची फाईल ही. तारीख सेम, एक जून. आमच्याकडे तर अशा ढिगाने आहेत. तुम्ही लोक हे चेक नाही करत का?"

मी म्हटलं, करतो.

म्हातारी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत होती. "तू डॉक्टरीण का गं?"

"नाही आजी. मी कॉम्प्युटर तपासते."

"मग तपास ना नीट. मला साखर नाही, किती वेळा सांगू?"

मी स्क्रीनचा फोटो काढला. दुसऱ्या सुमनबाईंचं काय, असं सिस्टरला विचारलं. त्यांना खरोखर साखर होती, आणि त्या आठवड्यापूर्वी घरी गेल्या होत्या. कोणाच्या कागदावरून त्यांना औषधं दिली, ते तिला माहीत नव्हतं. पुढे मला कोणी काही कळवलं नाही, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तीस वर्षांतली ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

दुरुस्ती आठवड्यात झाली. जन्मतारीख जुळली तरी आईचं नाव आणि मोबाइल विचारायचा, एवढंच करायचं होतं. आमच्या कागदोपत्री तो दोष म्हणून लागलाच नाही, "सुधारणेची विनंती" म्हणून लागला. पुढच्या महिन्यात बाहेरचे तपासनीस आले, त्यांनी सगळे कागद बघितले आणि आमच्या टीमचं कौतुक केलं. प्रत्येक वाक्याला चाचणी होती, प्रत्येक चाचणी हिरवी होती, प्रत्येक सही सर्टिफिकेटवाल्या माणसाची होती. पुस्तकाच्या भाषेत सांगायचं तर अपयश हॉस्पिटलात दिसलं, दोष कागदात होता, आणि चूक माझी.

घाटकोपरहून परतले तो सावंतचा शेवटचा दिवस होता. कँटीनमध्ये आमच्या नेहमीच्या टेबलावर तो एकटाच बसला होता, डबा संपवून. मी समोर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. सुमनबाई, साखर, सिस्टर. मग म्हणाले, "तू बरोबर होतास. मी तेव्हाच नोंद करायला हवी होती. माझ्या नावावर."

त्याने डब्याची झाकणं एकेक करून लावली.

"परीक्षेत एक प्रश्न होता," तो म्हणाला. "तसे प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, आपण सही करतो. पण आता मला कोण काय करणार? सॉफ्टवेअर कागदाप्रमाणे बरोबर चालतंय, पण टेस्टरला दिसतंय की वापरणाऱ्या माणसाला त्याने त्रास होणार. टेस्टरने काय करावं? बरोबर उत्तर काय गो?"

मला आठवावंसुद्धा लागलं नाही. त्या प्रकरणाचं पान मला पाठ होतं. "नोंद करायची, आणि संबंधितांना कळवायचं. कागदाशी जुळत असलं तरी."

"पुस्तकात असं आहे?"

"हो."

"मलापण तेच वाटलं होतं."

"मग तू काय लिहिलंस?"

त्याने डबा पिशवीत घातला आणि उभा राहिला. आसपास कर्णिक नव्हता, कोणी साहेब नव्हता, आम्ही दोघंच होतो.

"मला वाटतं ते विसरायचं ठरलेलं होतं ना," तो म्हणाला. "आणि पुस्तकाला काय वाटतं ते ऐन वेळी आठवेना. मग तुम्ही काय केलं होतंत ते आठवलं, मॅडम. तेच लिहिलं."